एक्सेलच्या क्वेरीत * चालत नाही, कारण तो वाचणारा एक्सेल नसतो

प्रश्न थोडक्यात असा. सभासदांची यादी मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसात, म्हणजे अ‍ॅक्सेसमध्ये आहे. ती एक्सेलच्या शीटमध्ये मायक्रोसॉफ्ट क्वेरीमार्फत आणली आहे आणि नावाचा पॅरामीटर (क्वेरीला बाहेरून दिलेली किंमत) बी२ या सेलमधून जातो. सेलमध्ये पूर्ण नाव टाकलं की ओळ बरोबर येते. 'पाटील*' टाकलं की तक्ता रिकामा, आणि एररसुद्धा येत नाही. तोच निकष अ‍ॅक्सेसमध्ये लावला तर सगळे पाटील दिसतात. मग चुकतंय काय?

तातडीचं उत्तर आधी देतो. * च्या जागी % टाका, ? च्या जागी _ टाका, आणि क्वेरीत = ऐवजी लाइक (नमुन्याशी जुळणारा मजकूर शोधणारा शब्द) आहे का ते बघून घ्या. बहुतेकांचं काम एवढ्यावर होतं. पण तेवढंच करून थांबलात तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या ठिकाणी अडाल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. (क्वेरीतले आणि फॉर्म्युल्यातले शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत करायचे.)

वाइल्डकार्डच्या, म्हणजे कोणत्याही अक्षरांच्या जागी चालणाऱ्या * किंवा % सारख्या चिन्हांच्या बाबतीत मी नेहमी एकच गोष्ट आधी विचारतो: हे चिन्ह शेवटी वाचणार कोण? तुम्ही ते एक्सेलच्या सेलमध्ये टाइप करता म्हणून ते एक्सेलचं होत नाही. पॅरामीटरच्या बाबतीत एक्सेल फक्त पोस्टमन आहे. सेलमधला मजकूर तो जसाच्या तसा ओडीबीसी ड्रायव्हरच्या (एक्सेल आणि डेटाबेस यांना जोडणाऱ्या दुव्याच्या) हातात देतो आणि त्याचा अर्थ पलीकडचा डेटाबेस लावतो. आणि ओडीबीसीच्या वाटेने आलेल्या लाइकमध्ये % म्हणजे कितीही अक्षरं (शून्यसुद्धा) आणि _ म्हणजे नेमकं एक अक्षर. तिथे * हे साधं अक्षर आहे. म्हणजे तुमच्या क्वेरीने 'पाटील' आणि त्यापुढे खराखुरा तारा असलेलं नाव शोधलं, तसं नाव यादीत नव्हतं, आणि तिने प्रामाणिकपणे शून्य ओळी दिल्या. एरर यायचं कारणच नव्हतं.

मग अ‍ॅक्सेसमध्ये का चाललं? कारण अ‍ॅक्सेसची स्वतःची खिडकी मुळात * आणि ? वापरते, डॉसच्या काळापासून फाइलींची नावं शोधताना वापरतात तीच चिन्हं. इंजिन एकच, पण त्याला बोलावण्याच्या दोन रीती आहेत. अ‍ॅक्सेसच्या आतून बोलावलं तर तारा, ओडीबीसीने बाहेरून बोलावलं तर टक्का. अ‍ॅक्सेसच्या पर्यायांमध्ये ही रीत बदलून आतही % चालेल अशी सोय आहे, पण चालू फाइलवर ते बटण दाबू नका. ताऱ्यावर बेतलेल्या तुमच्या आजवरच्या सगळ्या क्वेरी त्या क्षणी रिकाम्या व्हायला लागतील.

याचाच एक भाऊबंद आहे. अ‍ॅक्सेसमध्ये ताऱ्यासह सेव्ह केलेली क्वेरी तुम्ही एक्सेलमधून तक्त्यासारखी ओढलीत तर तीही रिकामीच येते. आतून उघडली तर भरलेली, बाहेरून ओढली तर रिकामी. यावर अ‍ॅक्सेसमध्ये एएलाइक हा शब्द आहे, त्यात % हेच चिन्ह दोन्ही रीतींत चालतं. दोन्हीकडून वापरायच्या क्वेरीत मी लाइकऐवजी तोच लिहितो.

आता टक्का ठेवायचा कुठे? इथे सर्वांत जास्त लोक अडखळतात. मनात पहिल्यांदा हे येतं:

व्हेअर नाव लाइक '%?%'

हे चालत नाही. क्वेरीत नुसतं ? म्हणजे पॅरामीटरची जागा, पण अवतरणाच्या आत गेलेलं प्रश्नचिन्ह पॅरामीटर राहत नाही, मजकूर होतो. एक्सेलला पॅरामीटर दिसतच नाही, म्हणून पॅरामीटर्सचं बटणही मंद पडलेलं असतं. दुसरा मार्ग म्हणजे क्वेरीतच तुकडे जोडायचे: एसक्यूएल सर्व्हरमध्ये '%' + ? + '%', ओरॅकलमध्ये + च्या जागी ||, अ‍ॅक्सेसमध्ये &, मायएसक्यूएलमध्ये कॉन्कॅट. हे चालतं, पण डेटाबेस बदलला की क्वेरी बदलायची, आणि मायक्रोसॉफ्ट क्वेरीच्या खिडकीत कधीकधी असा निरोप येतो की जी क्वेरी चित्रात दाखवता येत नाही तिच्यात पॅरामीटर चालणार नाहीत. तो निरोप आला तर घाबरू नका. आधी साधी 'लाइक ?' वाली क्वेरी करून एक्सेलमध्ये परत या, मग कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये डेफिनिशनच्या पानावर जो कमांडचा मजकूर दिसतो तो तिथेच बदला. एक्सेल तो मुकाट स्वीकारतो.

मी स्वतः मात्र क्वेरीत फक्त 'लाइक ?' ठेवतो आणि टक्के शीटवर लावतो. माणूस बी२ मध्ये टाइप करतो, सी२ मध्ये हा फॉर्म्युला असतो:

="%"&ट्रिम(बी२)&"%"

आणि पॅरामीटर सी२ ला जोडलेला असतो, बी२ ला नाही. सी कॉलम लपवून टाकायचा. नावाच्या सुरुवातीपासूनच जुळवायचं असेल तर सुरुवातीचा टक्का काढायचा. यात तीन फायदे आहेत. डेटाबेस कोणताही असो, क्वेरी तीच. नकळत पडलेली स्पेस ट्रिममध्ये गळून जाते. ती राहिली असती तर लाइकने तीही अक्षर म्हणून मोजली असती. आणि तिसरा फायदा मला फार उशिरा कळला. खात्याचा कोड १२ ने सुरू होणारे सगळे हवेत म्हणून कुणी सेलमध्ये थेट 12% टाइप केलं, तर एक्सेल त्याला टक्केवारी समजतो. सेलमध्ये दिसतं बारा टक्के, पण आत संख्या असते शून्य पूर्णांक बारा शतांश, आणि तीच डेटाबेसकडे जाते. पडद्यावर सगळं बरोबर दिसत असताना उत्तर शून्य ओळी. टक्का फॉर्म्युल्याने चिकटवला की तो मजकूरच राहतो, हा घोळ होत नाही.

पॅरामीटर सेलला जोडण्याची जागा: तक्त्यावर उजवी क्लिक, टेबल, पॅरामीटर्स. तिथे तीन पर्याय दिसतात: दर वेळी विचारा, ही ठरावीक किंमत वापरा, किंवा या सेलमधून घ्या. तिसरा घ्या. सेल बदलली की आपोआप रिफ्रेश करण्याची खूणही तिथेच आहे. मोठ्या तक्त्यावर मी ती लावत नाही, कारण एका चुकीच्या एंटरला सगळा तक्ता पुन्हा ओढला जातो. एकापेक्षा जास्त पॅरामीटर असतील तर एक गोष्ट लक्षात असू द्या. क्वेरीतली प्रश्नचिन्हं नावाने ओळखली जात नाहीत, क्रमाने ओळखली जातात. व्हेअरमधल्या अटी वरखाली केल्यात की गावाची सेल नावाला आणि नावाची सेल गावाला लागते. क्वेरीला हात लावला की प्रत्येक पॅरामीटर पुन्हा तपासा.

सेल रिकामी ठेवली तर? फॉर्म्युला '%%' देतो आणि सगळे सभासद यायला हवेत. येतात, पण सगळे नाही. ज्यांच्या त्या रकान्यात काहीच भरलेलं नाही, म्हणजे नल आहे, ते गळतात. नलला लाइकची कुठलीच अट लागू पडत नाही, एकटा टक्कासुद्धा. नावाच्या रकान्यात हे सहसा घडत नाही. पण गाव किंवा मोबाइल नंबर अशा अर्धवट भरलेल्या रकान्यावर तीच युक्ती वापरली की एकूण सभासदसंख्या कमी दिसायला लागते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. उपाय म्हणजे रकान्याला रिकामा मजकूर जोडायचा. अ‍ॅक्सेसमध्ये:

व्हेअर (गाव & '') लाइक ?

एसक्यूएल सर्व्हरमध्ये कोअलेस(गाव, '') लाइक ?. अ‍ॅक्सेसमध्ये सवयीने एनझेड वापरायला जाल, पण ते फंक्शन अ‍ॅक्सेसचं स्वतःचं आहे, ओडीबीसीने आल्यावर ते सापडत नाही आणि फंक्शन अनोळखी असल्याची एरर मिळते.

आता अंडरस्कोर. याबद्दल मी मुद्दाम जास्त लिहितोय, कारण टक्क्याची चूक लगेच दिसते, याची दिसत नाही. एका पतसंस्थेसाठी मी थकबाकीची शीट केली होती. तिथे कर्जाचे कोड 'जी_१' , 'जी_१२' असे होते, आणि जुन्या शाखेचे काही कोड 'जीए१२', 'जीबी१२' असे. शोधाच्या सेलमध्ये 'जी_१२' टाकलं की यादीत जीए१२ आणि जीबी१२ हेही येत, कारण लाइकच्या दृष्टीने _ म्हणजे कोणतंही एक अक्षर. यादी रिकामी नव्हती, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. वसुलीची पत्रं छापायला घेतली तेव्हा तिथल्या क्लार्क बाईंनी एक नाव ओळखलं. त्या म्हणाल्या, या माणसाचं कर्ज तर मागच्या वर्षीच फिटलंय. पत्रं गेली नाहीत हे त्यांच्यामुळे. थकबाकीची नोटीस चुकीच्या घरी जाणं ही लहान गोष्ट नाही, विशेषतः लहान गावात. तेव्हापासून वापरणाऱ्याने टाइप केलेलं % आणि _ मी कधीच कोरं पुढे पाठवत नाही.

एसक्यूएल सर्व्हर आणि अ‍ॅक्सेसमध्ये चौकटी कंसात घातलेलं चिन्ह साधं अक्षर होतं: [_] म्हणजे खरा अंडरस्कोर, [%] म्हणजे खरा टक्का. मग सी२ मधला फॉर्म्युला असा होतो:

=सब्स्टिट्यूट(सब्स्टिट्यूट(सब्स्टिट्यूट(ट्रिम(बी२),"[","[[]"),"%","[%]"),"_","[_]")

उघडणारा कंस सर्वांत आधी बदलायचा. क्रम उलटा केलात तर आपणच घातलेले कंस पुन्हा बदलले जातील. आणि आता ही सोय झालीच आहे तर याच्याबाहेर आणखी दोन सब्स्टिट्यूट लावा, "*" चा "%" आणि "?" चा "_". म्हणजे ऑफिसातल्या माणसांना त्यांच्या सवयीचा तारा आणि प्रश्नचिन्हच टाइप करता येईल, डेटाबेसला त्याच्या भाषेतलं मिळेल, आणि कोडमधला अंडरस्कोर अंडरस्कोरच राहील. तुमच्या मूळ प्रश्नाचं मला आवडणारं उत्तर हेच आहे: लोकांची सवय मोडायची नाही, शीटनेच भाषांतर करायचं. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये कंस चालत नाहीत, तिथे चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ लागते. ओरॅकलमध्ये क्वेरीतच एस्केप हा शब्द लिहून आधी लावायचं ते चिन्ह कोणतं हे सांगावं लागतं.

एक गैरसमज इथेच दूर करतो. 'पॅरामीटर वापरला म्हणजे सगळं सुरक्षित' असं ऐकायला मिळतं. अर्धं खरं आहे. ? ने पाठवलेला मजकूर क्वेरीची रचना मोडू शकत नाही. वसईच्या किंवा गोव्याच्या एखाद्या डि'सोझांच्या नावातलं एकेरी चिन्ह पॅरामीटरमधून बिनबोभाट जातं. तेच नाव तुम्ही व्हीबीएमध्ये (एक्सेलच्या मॅक्रोच्या भाषेत) मजकूर जोडून क्वेरीत घातलंत तर क्वेरी तिथेच तुटते. पण % आणि _ यांचा लाइकमधला अर्थ पॅरामीटरमध्येही जिवंतच असतो. त्यांचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो.

आता मराठी नावांकडे. यादी देवनागरीत असेल तर _ वर विसंबू नका. आपल्या डोळ्यांना 'की' हे एक अक्षर आहे. युनिकोडमध्ये ती दोन आहेत, क आणि दीर्घ वेलांटी. 'क्षी' मध्ये चार आहेत: क, हलन्त, ष, वेलांटी. एक्सेलमध्येच पडताळा घ्या. लेन या फंक्शनला 'क्षीरसागर' द्या, उत्तर ९ येईल, बोलताना आपण पाचच अक्षरं मोजतो. बहुतेक डेटाबेस लाइकमध्ये हाच हिशेब धरतात. त्यामुळे 'पाट_ल' हे पाटील पकडेल, कारण ट आणि ल यांच्यामध्ये नेमकी एक वेलांटी आहे, आणि चुकून ऱ्हस्व लिहिलेला 'पाटिल'ही पकडेल. ही इथे सोयीची गोष्ट झाली. तसंच 'कु_कर्णी' मध्ये कुलकर्णी आणि कुळकर्णी दोन्ही येतात, कारण ल आणि ळ प्रत्येकी एकच. पण 'पा_ल' ने पाटील मिळणार नाही, तिथे दोन अंडरस्कोर लागतील. आणि 'शिंदे', 'शिन्दे' अशी दोन्ही रूपं यादीत असतील तर अनुस्वाराच्या जागी न आणि हलन्त मिळून दोन होतात, तिथे 'शि%दे' असा टक्काच हवा.

'क%' टाकून क ची पानं काढायला गेलात तर क्षीरसागर त्यातच येतील, आणि 'श%' मध्ये श्रीखंडे. शब्दकोशाच्या दृष्टीने क्ष वेगळा असेल, साठवणीच्या दृष्टीने तो क पासूनच सुरू होतो.

याहून त्रासदायक आहे तो ऱ. 'कुऱ्हाडे' हे आडनाव दोन तऱ्हांनी साठवलेलं मी एकाच यादीत पाहिलं आहे. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. लेन विचारलं तर पहिल्याचं ८, दुसऱ्याचं ९. कोणत्या कीबोर्डवरून किंवा कोणत्या कन्व्हर्टरमधून नाव आलं त्यावर ते ठरतं. पूर्ण आडनाव टाकून शोधलं तर एकाच तऱ्हेचे कुऱ्हाडे मिळतात आणि दुसरे यादीत नाहीतच असं वाटतं. 'कु%हाडे' दोघांनाही आणतं. कायमचा उपाय अर्थात डेटा एकसारखा करून घेणं हाच, पण तो होईपर्यंत टक्का कामाला येतो. आणि नावं श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर आत देवनागरी नाहीच, रोमन अक्षरं आणि चिन्हं आहेत. तिथे कोणतंही वाइल्डकार्ड उपयोगाचं नाही, आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा.

अमुक शब्दाने संपणारी नावं शोधायची असतील आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये रकाना ठरावीक लांबीचा युनिकोड (एनचार) असेल, तर नावापुढे उरलेल्या जागा स्पेसने भरलेल्या असतात. '%पाटील' ला त्यामुळे काहीच मिळत नाही. रकान्यावर आरट्रिम लावा. लहानमोठी लिपी हा प्रश्न रोमन नावांपुरता आहे: ओरॅकल आणि पोस्टग्रेस फरक करतात, मायएसक्यूएल मूळ मांडणीत करत नाही, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते कोलेशनवर (अक्षरं जुळवण्याच्या निवडलेल्या नियमांवर) ठरतं. सुरुवातीचा टक्का गरज नसेल तर लावू नका. शब्दाची सुरुवातच माहीत नसेल तर डेटाबेसला इंडेक्सचा (शोधासाठी आधीच लावून ठेवलेल्या सूचीचा) उपयोग करता येत नाही आणि तो सगळा तक्ता चाळत बसतो. काही हजार सभासदांत हे जाणवणार नाही, काही लाख व्यवहारांच्या खतावणीत नक्की जाणवेल.

बाकीच्या ठिकाणी वाचणारा कोण, एवढं बघितलं की पुरे. काउंटइफ, सम‌इफ्स, एक्सलुकअप ही एक्सेलची स्वतःची फंक्शन्स, म्हणून तिथे * आणि ?, आणि खरा तारा शोधायचा तर आधी ~. एक्सलुकअपला वाइल्डकार्ड हवं आहे हे वेगळं सांगावं लागतं. डीसममध्ये निकष म्हणून नुसतं 'पाटील' लिहिलं तरी ते 'पाटीलने सुरू होणारे' असं धरलं जातं, याने अनेकांच्या बेरजा चुकल्या आहेत. पॉवर क्वेरीत वाइल्डकार्ड नाहीत, तिथे टेक्स्ट.कंटेन्स किंवा टेक्स्ट.स्टार्ट्सविथ. लिबरऑफिस बेसमध्ये लाइक '%' || :नाव || '%'. गूगल शीट्सच्या क्वेरी फंक्शनमध्ये लाइकला % आणि _ चालतात, पण तिथे खरा पॅरामीटर नसतो, सेलमधला मजकूर क्वेरीत जोडावा लागतो, म्हणून डि'सोझांसाठी बाहेरून दुहेरी अवतरण घाला.

तुमच्या फाइलमध्ये आज एवढं करा. क्वेरीत 'लाइक ?' आहे का ते बघा. सी२ मध्ये वरचा पाच सब्स्टिट्यूटचा फॉर्म्युला घाला आणि पॅरामीटर सी२ ला जोडा. मग बी२ मध्ये तीन गोष्टी टाकून बघा: 'पाटील*', नंतर अंडरस्कोर असलेला एखादा कोड, आणि शेवटी नुसता तारा. तिसऱ्या वेळी आलेल्या ओळींची संख्या अ‍ॅक्सेसमधल्या तक्त्याच्या एकूण संख्येशी ताडून पाहा. कमी भरली तर तुमच्या रकान्यात नल आहेत.